नागपुरात बी थंडीत मुरवायची तर

सफरचंद, पीच अशा थंड मुलखातल्या झाडांची बी काही आठवडे ओल्या थंडीत ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही; तिला तशी थंडी देणं म्हणजेच बी मुरवणं. सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि होळीपासून मागे मोजत या. आपल्याकडे कोवळं रोप मरतं ते एप्रिलच्या उन्हाने. पारा चाळिशी ओलांडायच्या आत त्याने मूळ धरलेलं असायला हवं, म्हणजे उगवण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत झालेली बरी. सफरचंदाच्या बीला ओल्या थंडीत ७० ते ८० दिवस लागतात, पीचला जवळपास तीन महिने. म्हणून हे काम दिवाळीच्या साफसफाईबरोबरच उरकून घ्या.

मग जागा. थंड मुलखात लोक कुंडीत बी पेरून ती हिवाळाभर अंगणातच ठेवतात. गच्चीवर तसं करायचा मोह आपल्यालाही होतो, पण बीला लागते १ ते ५ अंशांची थंडी, आणि तीही सलग. आपली डिसेंबरची रात्र बहुतेकदा १०-१२ अंशांवर थांबते, दुपारी पुन्हा २८. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं, पण अशा एक-दोन रात्रींनी बीची झोप मोडत नाही. तेव्हा फ्रिजचा खालचा कप्पा मोकळा करा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि बीच्या डब्यात काय आहे ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी खराब झालेलं काही समजून फेकून देईल.

सामान थोडंच लागतं. चाळून धुतलेली कन्हान नदीची वाळू किंवा कोकोपीट, झाकणाचे छोटे डबे, आणि चिठ्ठीवर नाव-तारीख लिहायला पेन्सिल. पेनाची शाई ओलीने पसरते. खरी मेख ओलीत आहे. वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाण्याचा थेंब गळू नये. पहिल्या वर्षी मी वाळू पार चिंब केली होती. महिन्याभरात बिया बोटाने दाबल्या तरी पिचायच्या. उलट कोरडी बी फ्रिजमध्ये ठेवली तर ती नुसती टिकते, मुरत नाही. उगवण रोखून धरणारं ॲबसिसिक आम्ल पाणी प्यालेल्या बीतच थंडीने कमी होत जातं. म्हणून आधी रात्रभर भिजवा, मग ओल्या वाळूत मिसळून डब्यात भरा.

सफरचंदाच्या बिया भरीव, गडद तपकिरी तेवढ्या घ्या आणि गर पूर्ण धुऊन काढा. शीतगृहातून आलेलं फळ कापताना कधीकधी बीतून पांढरा कोंब डोकावताना दिसतो. तिची थंडी झालेली असते, ती सरळ कुंडीत लावा. मात्र बीपासूनच्या झाडाला तसंच फळ येईल असं धरून चालू नका. पीचची कोय अडकित्त्यात धरून अलगद फोडा, आतला दाणा दुखावता कामा नये. स्ट्रॉबेरीला तीन-चार आठवडे पुरतात. पेरताना ती मातीवर नुसती भुरभुरा, तिला उजेड लागतो. तुतीला महिना-दोन महिने द्या. आपल्या उन्हाळ्यात तग धरेल अशी या चौघांत तुतीच आहे, जागा एकाच झाडापुरती असेल तर मी तीच लावेन.

दर रविवारी डबे उघडून वारा द्या, बुरशी दिसली तर ती बी काढून बाकीच्या धुऊन घ्या. कोंब दिसला की मुदत संपायची वाट पाहू नका, बी कुंडीत लावा. रोपांवर सावलीची हिरवी जाळी मार्चच्या आतच बांधून ठेवा.

मोह आणि जांभूळ या डब्यांत चुकूनही घालू नका. त्यांच्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर ताज्याच पेरायच्या, ठेवल्या की मरतात. आवळ्याला मात्र हाच हिवाळा मानवतो, पण उन्हातला. गर काढलेल्या कोया गच्चीवर सुपात वाळत घाला, वरून पातळ फडकं बांधा. चांगल्या वाळल्या की त्या आपोआप तडकतात आणि आतल्या बारीक तपकिरी बिया बाहेर पडतात. त्या पाण्यात टाका. तळाला बसतील तेवढ्याच फेब्रुवारीत पेरा.