जपानी शिकायला बसताय? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी जवळ घ्या

बडोद्यात जपानी शिकणारी मुलं आता बरीच दिसायला लागलीत. कोणाला जपानी कंपनीत जायचंय, कोणाला बुलेट ट्रेनमध्ये (मुंबई-अहमदाबाद लाइन 508 किलोमीटरची, 12 स्टेशनं, त्यात एक आपलं बडोदा, आणि हायस्पीड रेल्वेचं ट्रेनिंग इन्स्टिट्यूटपण इथेच), कोणी ॲनिमे बघून या नादाला लागलंय. दांडिया बाजारात घरीच दर रविवारी पाच-सहा जणांना मी सुरुवातीचं जपानी शिकवते आणि प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी तेच दिसतं, सगळे वहीत रोमन स्पेलिंग उतरवून आणतात आणि ते इंग्रजीसारखं वाचतात, डी-ई-एस-यू (म्हणजे "आहे") म्हणून "देसू". जपानी माणूस म्हणतो "देस", शेवटचा उ जेमतेम ओठांवर येतो. म्हणून पहिलं काम, हिरागाना लिपी येईपर्यंत सगळं देवनागरीत लिहा. हिरागानाची मूळ अक्षरं 46, रोज पाच गिरवली तर दहा दिवसांत होतात, तोपर्यंत रोमनला हात लावू नका.

आणि हे नुसतं सोयीसाठी नाही हं. जपानी अक्षरांचा तक्ता म्हणताना ऐका, आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना क्रम? बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे पोचला, त्या वर्णमालेच्या धाटणीवर हा क्रम बसलाय. आपण बालवाडीत जे घोकलं त्याचाच लांबचा भाऊ.

उच्चारांतही मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. जपानीत "त्सु" असा एक आवाज आहे, त्सुनामीतला. बाकीच्यांना तो जोडाक्षर करून शिकवावा लागतो, आपल्याला नाही, कारण चुलीतला "चू" म्हणा, थोडा आखूड करा, झालं. चहातला च नाही, चुलीतला. तसंच आरिगातोऽ गोझाइमास, म्हणजे थँक्यू, त्यातला झ म्हणजे झाडातला, झेंड्यातला नाही. अनुस्वारपण आपल्यासारखाच वागतो, पुढे प-ब आला की म् होतो, त आला की न्. ल मात्र नाहीच, सगळे र, म्हणून विलासचं तिकडे बिराऽसु होतं, त्याला वाईट वाटून घेऊ नका.

एका ठिकाणी मात्र जपायला लागतं, ते म्हणजे लांब-आखूड. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाऽसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत, बीऽरु म्हणजे बिअर. मी वहीत लांब अक्षरापुढे ऽ काढायला लावते, तुम्हीपण काढा, कंटाळा करू नका.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं ते. जपानी वाक्य मराठीच्याच चालीने चालतं. वाताशी वा तोऽक्योऽ ए इकिमास. मी, टोकियोला, जाते. शब्दाखाली शब्द बसतो, "वा" नुसता कोणाबद्दल बोलतोय ते दाखवतो, "ए" म्हणजे आपला ला प्रत्यय, क्रियापद शेवटी. वर जातो-जाते असा फरकपण नाही, सगळ्यांना इकिमासच. आणि प्रश्न करायचा तर शेवटी "का" लावायचं, हो, खरंच "का". कोरे वा होन देस म्हणजे हे पुस्तक आहे. कोरे वा होन देस का म्हणजे हे पुस्तक आहे का. मी फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिते तेव्हा वर्गात दोन मिनिटं नुसता गलका होतो. शिवाय "ने" आहे, बोलताना समोरच्याचा होकार घ्यायला शेवटी लावतात, आत्सुइ देस ने, गरम आहे ना. आपण बडोदेकर गुजरातीच्या संगतीने दिवसभर "हो ने, आहे ने" करत असतो, त्याबद्दल पुण्याचे नातेवाईक आपल्याला टोकतात, पण जपानीत तो ने अगदी जागच्या जागी बसतो.

मग आता हेच वाक्य कोणी आधी इंग्रजीत करून, शब्द उलटेपालटे करून मग जपानीत आणत असेल तर किती फेरा पडतो बघा. मराठीतून सरळ जा.

नमस्कार-चमत्काराचं सांगते. सकाळी साधारण दहा-साडेदहापर्यंत ओहायोऽ गोझाइमास, घरच्यांना आणि मित्रांना नुसतं ओहायोऽ. दिवसा कोन्निचिवा, पण हे घरच्या माणसांना म्हणत नाहीत, बाहेरच्यांना. अंधार पडला की कोम्बानवा. झोपताना ओयासुमिनासाइ. थँक्यूला आरिगातोऽ गोझाइमास, काम होऊन गेलं असेल तर आरिगातोऽ गोझाइमाश्ता. सुमिमासेन हा फार कामाचा शब्द, माफ करा, जरा ऐकता का, आणि कोणी आपल्यासाठी त्रास घेतला तर आभार, तिन्हीला चालतो. सायोनारा सगळ्यांना सिनेमामुळे माहीत असतं पण रोज ऑफिसात वगैरे फारसं म्हणत नाहीत, त्यात लांबच्या निरोपाची छटा आहे, मित्रांमध्ये जा माता म्हणतात, म्हणजे बरं, परत भेटू.

घरातून निघताना म्हणायचं इत्ते किमास. गेल्या वर्षी माझ्याकडे येणारी एक मुलगी घरी हे पाठ करत होती, आजी शेंगा सोलत बसलेली. आजीने विचारलं काय गं पुटपुटतेयस, तर ही म्हणाली आजी, जपानमध्ये घरातून जाताना असं म्हणतात. अर्थ काय? इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. आजी म्हणाली, अगं मग आपलंच आहे की, जाते म्हणू नये, येते म्हणावं. तेव्हापासून मी हा शब्द शिकवताना अर्थ सांगतच नाही, विचारते, तुमच्या घरी आजी काय म्हणायला लावते? आपोआप येतं. त्यावर घरात राहिलेल्याने म्हणायचं इत्तेराश्शाइ, म्हणजे जाऊन ये. परत आल्यावर तादाइमा, आले गं. आतून उत्तर ओकाएरिनासाइ. जेवायच्या आधी हात जोडून इतादाकिमास, ज्या घरात अजून वदनी कवळ म्हणतात त्यांना हे वेगळं वाटणार नाही.

हे जाऊन, करून, खाऊन वालं रूप जपानीत फार लागतं, त्याला ते-रूप म्हणतात. ताबेते म्हणजे खाऊन. मिते म्हणजे बघून. आणि ताबेते मिते कुदासाइ म्हणजे, खाऊन बघा. चव घेऊन बघा या अर्थानेच, डोळ्याने बघा नाही, बघणे हे क्रियापद दोन्ही भाषांनी अशाच कामाला लावलंय! बडोद्याला कोणी जपानी पाहुणा आला तर त्याला सेव उसळ ओ ताबेते मिते कुदासाइ म्हणा (ओ नुसता काय खायचं ते दाखवतो), तिखट कमी घालायला मात्र आधी सांगून ठेवा.

स्वतःची ओळख चार वाक्यांत होते, ती झोपेतपण यायला पाहिजे.

हाजिमेमाश्ते.
वाताशी वा जोऽशी देस.
इंडो नो बारोदा कारा किमाश्ता.
दोऽझो योरोशिकु ओनेगाइशिमास.

पहिलं वाक्य फक्त पहिल्या भेटीत. दुसऱ्यात आपलं आडनाव, ते आडनावच जास्त वापरतात. तिसरं म्हणजे भारतातल्या बडोद्याहून आले, नो म्हणजे चा-ची-चे, कारा म्हणजे हून. चौथ्याचं इंग्रजी करताना सगळ्यांची दमछाक होते, मी सांगते "सांभाळून घ्या" म्हणा मनात. नवीन सून, नवीन नोकरीवाला, नवीन भाडेकरू जसं म्हणतो ना, आता तुमच्यावर आहे, सांभाळून घ्या, अगदी तेच.

स्वतःच्या नावाला सान लावायचं नाही, हे मी तीनदा सांगते. सान म्हणजे आपलं जी, राव, ताई, दुसऱ्याला द्यायचा मान. माझा एक चांगला हुशार विद्यार्थी एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत घाबरून स्वतःलाच अमुकसान देस म्हणाला आणि पुढचं सगळं अडखळला. चूक लहान होती पण ती कळल्यावर त्याचा धीर गेला, म्हणून आधीच जिभेला वळण लावा. तसंच समोरच्याला तुम्ही म्हणायला आनाता हा शब्द पुस्तकात सापडेल, तो टाळा. आपण कसं काका बसा, ताई घ्या म्हणतो, तुम्ही न म्हणता, तसं तिथे नाव आणि सान, किंवा शिक्षक असतील तर सेन्सेइ. स्वतः शिक्षक असलात तरी स्वतःला सेन्सेइ म्हणायचं नाही.

वाकून नमस्कार, ओजिगी, साधा असेल तर 15 अंश, मानाचा 30, अगदी खोल 45. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं, मान तेवढी हलवायची नाही, आणि वाकताना समोरच्याकडे टक लावून बघायचं नाही.

वर्गात लागणारी वाक्यं पहिल्या तीन आठवड्यांत ऐकून ऐकून बसतात. सेन्सेइ म्हणतील हाजिमेमाश्योऽ, सुरू करूया. यासुमिमाश्योऽ, जरा सुट्टी घेऊया. ओवारिमाश्योऽ, संपवूया. किइते कुदासाइ ऐका, मिते कुदासाइ बघा, योन्दे कुदासाइ वाचा, काइते कुदासाइ लिहा. वाकारिमास का विचारलं, समजलं का, तर हाइ, वाकारिमास किंवा इइए, वाकारिमासेन. इथे एक कळकळीने सांगते, आपल्या मुलांना नाही समजलं म्हणायची लाज वाटते, मान डोलावतात आणि घरी जाऊन अडतात, तर वाकारिमासेन हा शब्द पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणून टाका. त्याच्या जोडीला मोऽ इचिदो ओनेगाइशिमास, परत एकदा सांगा ना, आणि युक्कुरि ओनेगाइशिमास, जरा सावकाश. शुकुदाइ म्हणजे होमवर्क, शित्सुमोन म्हणजे प्रश्न (इथे तो चुलीतला चू!), कोताए म्हणजे उत्तर.

उशीर झाला तर दारात ओकुरेते सुमिमासेन. आत येताना शित्सुरेइ शिमास. वर्गातून बाहेर जायचं असेल तर तोइरे नि इत्ते मो इइ देस का. याचे तुकडे करा, इत्ते मो म्हणजे गेलं तरी, इइ देस का म्हणजे चालेल का. टॉयलेटला गेलं तरी चालेल का. असं एकदा कळलं की मग ताबेते मो इइ देस का, काइते मो इइ देस का, स्वतःच बनवता येतात, पाठ करायला नको.

भूगोल मी भाषेबरोबरच घेते, कारण नकाशावरची नावं हेच शब्द असतात. जपानची मुख्य बेटं चार, उत्तरेकडून होक्काइदोऽ, होन्शुऽ, शिकोकु, क्युऽशुऽ, आणि खाली दक्षिणेला ओकिनावाची छोटी बेटं. क्षेत्रफळ साधारण 3,78,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडं मोठं (आपलं महाराष्ट्र 3,08,000 च्या आसपास), पण बहुतेक भाग डोंगराळ, त्यामुळे माणसं आणि शहरं किनाऱ्याच्या सपाटीवर दाटीने. तोऽक्योऽ, योकोहामा, नागोया, क्योऽतो, ओऽसाका, हिरोशिमा सगळी होन्शुऽवरच. प्रशासनाचे विभाग 47. होन्शुऽ आणि होक्काइदोऽच्या मध्ये समुद्राखालून सेइकान बोगदा आहे, जवळजवळ 54 किलोमीटरचा, 1988 साली सुरू झाला. आणि पहिली शिन्कान्सेन, म्हणजे आपल्या बुलेट ट्रेनची थोरली बहीण, तोऽक्योऽ ते ओऽसाका 1 ऑक्टोबर 1964 ला धावली.

यामा म्हणजे डोंगर, कावा नदी, शिमा बेट, उमि समुद्र. मग ओकायामा, वाकायामा, हिरोशिमा, कागोशिमा ही नावं आपोआप उलगडतात, हिरोशिमा म्हणजे रुंद बेट. तोऽक्योऽ म्हणजे पूर्वेची राजधानी. पुष्कळ जण म्हणतात क्योऽतो उलटं केलं की तोऽक्योऽ, तसं नाही, फक्त क्योऽ सारखा आहे, तो आणि तोऽ वेगळे, परत तो लांब-आखूडचाच मामला. फुजि पर्वत 3,776 मीटर, शेवटचा उद्रेक 1707 साली. त्याला फुजि-सान म्हणतात पण हा सान मान द्यायचा नव्हे, डोंगराचाच दुसरा उच्चार आहे.

दिशा बडोद्यात उभं राहूनच शिका. किता उत्तर, मिनामि दक्षिण, हिगाशि पूर्व, निशि पश्चिम. अहमदाबाद वा किता नि आरिमास, अहमदाबाद उत्तरेला आहे. सुरत वा मिनामि नि आरिमास. पावागढ हिगाशिला. गच्चीवर जाऊन हात दाखवत म्हणा, दोन दिवसांत डोक्यात बसतं, वहीत लिहून नाही बसत.

ऑनलाइन जपानी सेन्सेइ मिळाले तर घड्याळाचं लक्षात ठेवा, त्यांची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. डिसेंबरात तोऽक्योऽला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे दुपारचे दोन, खिडकीत रखरखीत ऊन, आणि तिकडे साडेपाच, बाहेर काळोख. तेव्हा कॅमेरा सुरू झाला की कोन्निचिवा नाही, कोम्बानवा.