डिग्री नाही, देश नवा: चित्रकार व्हायचंय त्यांच्यासाठी

माझं चित्रकलेचं शिक्षण म्हणजे कोल्हापुरात शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, न्यू जर्सीला आले. काम करायची परवानगी नव्हती, घर दिवसभर रिकामं. आज माझी चित्रं गॅलरीत विकली जातात. तुम्हीही त्याच वाटेवर असाल तर हे वाचा.

आधी कागदपत्रं. वर्क परमिट नसताना चित्र विकणं हे काम धरलं जाऊ शकतं. २०१५पासून काही एच-४ धारकांना, म्हणजे ढोबळमानाने जोडीदाराचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर, परमिटसाठी अर्ज करता येतो. वकिलाला विचारा, मगच पहिलं चित्र विका. तोवर काढत राहा.

रंग थोडे आणि चांगले घ्या. मी दोन वर्षं चारच ट्यूबांवर काढली: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, येलो ओकर, टायटॅनियम व्हाइट. काळा आणलाच नाही. पहिले दोन मिसळले की त्याहून जिवंत काळा मिळतो. ऑइल वापरणार असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकली की आपोआप पेटू शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. अपार्टमेंटमध्ये भिंतीपलीकडे दुसऱ्याचं घर असतं.

काय काढायचं? मी सासूबाईंनी दिलेला स्टीलचा डबा घेतला. करड्या रंगाने रंगवत गेले आणि तो सिमेंटचा दिसत राहिला. कितव्या तरी प्रयत्नात नीट बघितलं, तर डब्यावर करडा जवळजवळ नव्हताच. खिडकीकडच्या बाजूला निळा, खाली ओट्याचा तपकिरी, कडेला शेजारच्या हळदीच्या बरणीची पिवळी रेघ, आणि मधे माझा लांबट झालेला लाल कुडता. स्टीलला स्वतःचा रंग नसतो. हे कळलं त्या दिवसापासून मी डबेच काढले. एकाच विषयाची बारा-पंधरा चित्रं हातात असली की गॅलरीवाला थांबून बघतो. एक डोंगर, एक गणपती, एक मांजर अशी सरमिसळ नेली तर नाही बघत.

स्वतः शिकायचं म्हणजे कुणाकडेच जायचं नाही असं नाही. आमचे कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटरही आर्ट स्कूलविना तयार झाले, पण बघायला कमी पडले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये वही-पेन्सिल घेऊन बसता येतं. तिथल्याच ५७व्या रस्त्यावरच्या आर्ट स्टुडंट्स लीग या चित्रकलेच्या शाळेत डिग्री विचारत नाहीत. तिथे मॉडेल समोर ठेवून काढण्याचा सराव जरूर करा, घरी तो होत नाही.

मग ओपन कॉल, म्हणजे प्रदर्शनासाठी कुणालाही चित्रं पाठवता येतात असं जाहीर आवाहन. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्रेमशिवाय काढा. सोबत नाव, माध्यम, माप, वर्ष. शिक्षणाच्या जागी ‘सेल्फ-टॉट’ लिहा, बिनधास्त. प्रवेश फी असते, म्हणून महिन्याला दोनच निवडा आणि आधीच्या वर्षी कुणाची चित्रं घेतली ते बघून निवडा.

भिंतीसाठी आपल्याकडूनच भाडं मागणाऱ्या गॅलरीपासून लांब राहा. मी एका ठिकाणी सहाशे डॉलर भरले. महिनाभर एक चित्र हललं नाही, आणि त्यांनी ते हलवावं असं त्यांना काही कारणच नव्हतं, पैसे आधीच मिळाले होते. चांगली गॅलरी विक्रीतून घेते, बहुतेक ठिकाणी निम्मे. ते जास्त वाटतं, पण गिऱ्हाईक त्यांनी आणलेलं असतं. टक्केवारी, पैसे किती दिवसांत देणार आणि चित्र खराब झालं तर जबाबदारी कुणाची, हे तीन मुद्दे लेखी घ्या.

किंमत मापावर धरा. मी सुरुवातीला चौरस इंचाला तीन डॉलर धरले: १२ बाय १६चं चित्र ५७६ डॉलर. गॅलरीत जो दर, तोच घरी आलेल्यांना आणि तोच मंडळातल्या मैत्रिणींना. अगदीच जवळच्या माणसाला द्यावंसं वाटलं तर सरळ भेट द्या, स्वस्तात विकू नका.