स्पॉन्सरला रिपोर्ट द्यायचाय? आधी हजेरीपट काढा

स्पॉन्सरच्या पैशांतून चाललेल्या प्रोग्रामच्या रिपोर्टची तारीख आठ दिवसांवर आली की संस्थेत एकच पळापळ सुरू होते. फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये आहेत, तिसऱ्या सत्राचा हजेरीपट कुठे गेला, ट्रेनरच्या व्हाउचरवर सहीच नाही... हे ज्यांनी भोगलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

लिहायला बसण्याआधी दोन कागद काढा, एक म्हणजे पैसे मंजूर झाल्याचं पत्र किंवा करार आणि दुसरा आपण पाठवलेला मूळ प्रस्ताव. किती लोक, कुठलं काम, कधीपर्यंत असं आपणच काय काय कबूल केलं होतं ते बघा आणि रिपोर्ट त्याच क्रमाने लिहा, कारण वाचणारा माणूस तेच कागद शेजारी ठेवून वाचतो. त्यांनी फॉरमॅट दिला असेल तर एकही रकाना रिकामा सोडू नका, लागू नसेल तर तसं लिहा आणि का लागू नाही तेही एका ओळीत लिहा.

आता आकडे. माझ्या पहिल्या रिपोर्टात मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, ‘४१२ लाभार्थी’. स्पॉन्सरकडच्या मॅडमचा फोन आला, अगदी शांतपणे विचारलं, "ही ४१२ माणसं वेगवेगळी आहेत ना?" हजेरीपट घेऊन बसले तर काय, १२ सत्रांच्या हजेरीची सरळ बेरीज मारलेली, तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजलेली, आणि प्रत्यक्षात वेगवेगळे लोक निघाले ५३! कुणी मुद्दाम खोटं केलं नव्हतं, पण दिसलं तसंच. तेव्हापासून मी असं लिहिते: १२ सत्रं, ५३ जण, एकूण हजेरी ४१२, म्हणजे सत्राला सरासरी ३४, आणि ९ किंवा जास्त सत्रांना आलेले २८. आकडा दिसायला लहान होतो खरा, पण यावर कुणी बोट ठेवत नाही. यासाठी एक्सेलमध्ये माणशी एकच ओळ ठेवायची, सत्रं आडवी, आणि प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक नंबर द्यायचा. नावावर विसंबू नका, एकाच बाईंचं नाव तीन हजेरीपटांत तीन प्रकारे लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे, सत्रं झाली हा काम केल्याचा पुरावा झाला, फरक पडल्याचा नाही, आणि स्पॉन्सरला खरा रस फरकात असतो. फरक दाखवायचा तर सुरुवातीला काय परिस्थिती होती ते माहीत हवं, म्हणजे पहिल्याच सत्रात छोटी चाचणी किंवा चार प्रश्न विचारून उत्तरं नोंदवून ठेवायची आणि शेवटी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. प्रोग्राम संपल्यावर हे सुचलं तर वरातीमागून घोडं. तुलना करताना दोन्ही वेळा हजर असलेल्यांचीच करा, समजा ५३ पैकी ४१ जणांनी दोन्ही चाचण्या दिल्या तर ४१ चाच हिशोब मांडा, आणि उरलेले १२ मध्येच का गळाले तेही लिहा कारण कमकुवत लोक गळून गेले तर सरासरी आपोआप वाढलेली दिसते. आणि चारपैकी तीन जणांना फायदा झाला तर ‘७५ टक्के’ नका लिहू हो, चारपैकी तीन असंच लिहा.

हिशोबाचं टेबल चार रकान्यांचं पुरतं: मंजूर रक्कम, झालेला खर्च, फरक, फरकाचं कारण. अकाउंटवाल्यांशी ताळमेळ लावल्याशिवाय एकही आकडा रिपोर्टात टाकू नका, त्यांच्या खातेवहीत एक आणि तुमच्या रिपोर्टात दुसरा असं ऑडिटच्या वेळी निघालं की मग आवरत नाही. एका हेडचे (म्हणजे खर्चाच्या एका सदराचे) पैसे दुसऱ्या हेडकडे वळवायचे असतील तर किती टक्क्यांपर्यंत चालतं हे करारात असतं, बऱ्याच ठिकाणी १० टक्के असतं पण आपल्या पत्रात काय आहे ते बघा, त्यापुढे गेलात तर आधी लेखी परवानगी. एकच बिल दोन स्पॉन्सरांच्या रिपोर्टात कधीच दाखवायचं नाही. भाड्यासारखा खर्च दोघांत वाटला असेल तर कुठल्या हिशेबाने वाटला ते बिलावरच लिहून ठेवा. पैसे शिल्लक राहिले तर लपवू नका आणि घाईघाईने उडवूही नका, मुदतवाढ मागा, मुदत संपायच्या आधी मागितली तर बहुतेकदा मिळते.

जे जमलं नाही ते कुठे लिहायचं? पहिल्या पानावर. काय झालं, कधी लक्षात आलं, आपण काय केलं, आता पुढे काय, अशा चार-पाच ओळी. पुढच्या वर्षीचे पैसे मागायचे आणि अडचण शेवटच्या परिशिष्टात दडवायची, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. खरं तर मोठी अडचण आली की त्याच आठवड्यात मेल टाकायचा, म्हणजे रिपोर्टातून त्यांना धक्का बसत नाही.

फोटोंबद्दल माझं ठाम मत आहे, बॅनर धरून रांगेत उभा असलेला ग्रुप कुणी बघत नाही. दोनच फोटो द्या पण काम चाललेलं दिसू दे, कुणीतरी वहीत वाकून गणित सोडवतंय असा. खाली तारीख, कुठलं सत्र आणि काय चाललंय ते. संमती आधी घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही, चेहरा, शाळा आणि आजार एकत्र आले की ओळखणारे ओळखतातच.

सारांशाचं एक पान सगळ्यात शेवटी लिहा आणि सगळ्यात वर ठेवा, कारण वाचणारी व्यक्ती बहुधा तेवढंच पान आपल्या साहेबांना पुढे पाठवते. मग ज्याला प्रोग्राममधलं काही माहीत नाही अशा कुणाला तरी ते वाचायला द्या, तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती. पाठवताना पीडीएफ करा, फोटो हलके करा (जीमेलवरून २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जातच नाही आणि हे नेमकं रात्री साडेअकराला कळतं), आणि फाईलच्या नावात तारीख टाका, ‘फायनल’, ‘नवं फायनल’ असं करत बसू नका. स्पॉन्सरने उलट जे प्रश्न विचारले ते त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा, पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर रिपोर्टात आधीच टाकायचं, माझ्याकडे त्या यादीत पहिलाच प्रश्न आहे, "ही माणसं वेगवेगळी आहेत ना?"