लिनक्स मिंट स्वतः बसवण्याआधी: तयारीची यादी

विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घरोघरी अडून राहिले. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली बसवणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे; त्याआधीच्या तयारीला मात्र एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवावी.

पहिले काम फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेण्याचे आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहण्याचे. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क यांचीही आठवण ठेवावी. मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती येण्याआधीच्या फाँटांत टंकलेली जुनी कागदपत्रे. त्यांत अक्षरे देवनागरी दिसतात, पण आत साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचता न येणारी खिचडी उमटते. माझ्या वडिलांनी टंकलेली घराण्याची वंशावळ अशीच हातची जाता जाता वाचली. फाइल सुखरूप होती, पण फाँट मी पुसलेल्या विंडोजबरोबर गेला होता आणि तो एका जुन्या सीडीवर सापडेपर्यंत आठवडा उलटला. म्हणून फाँटांच्या फोल्डरचीही प्रत घ्यावी आणि महत्त्वाची कागदपत्रे विंडोज असतानाच पीडीएफ करून ठेवावीत.

हिशेबाचा एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असेल, तर विंडोज न पुसता दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवणे शहाणपणाचे. तसे करायचे असल्यास बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू आहे का ते पाहून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, लिहिता येत नाही. नव्या प्रणालीसाठी जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. मिंटला किमान २० जीबी लागते, पण १०० जीबी दिल्यास पुढे कुचंबणा होत नाही.

आयएसओ फाइल, म्हणजे मिंट बसवण्यासाठीची एकत्रित फाइल, अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. २ जीबी रॅममध्ये मिंट चालते, पण ४ जीबी असलेली बरी. रॅम बेताची असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडावी. उतरवलेल्या फाइलचा ६४ अक्षरी एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळवून पाहण्याचा बरेच जण कंटाळा करतात, पण तो करू नये असे मी आग्रहाने सांगेन. २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा घुसखोराला आत शिरता यावे म्हणून मागचे दार ठेवलेल्या बनावट फाइलकडे वळवला गेला होता. ज्याला संकेतस्थळ बदलता येते त्याला तिथे लिहिलेला ठसाही बदलता येतो, म्हणून ठशाच्या फाइलवरची जीपीजी स्वाक्षरीही (ती फाइल मिंटच्याच लोकांची आहे हे दाखवणारी डिजिटल सही) पडताळावी.

आयएसओ फाइल लिहून आठ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार झाला की काहीही न पुसता त्यावरूनच मिंट चालवून पाहता येते, आणि ही तपासणी अजिबात घाईने उरकू नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि प्रिंटर एकेक करून पाहावेत. काही वाय-फाय चिपांना ड्रायव्हर वेगळा लागतो. तो उतरवण्यापुरते इंटरनेट यूएसबी केबलने फोनवरून घेता येते, तेव्हा केबल हाताशी असावी. इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) ती रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या, पद्धतीवर ठेवलेली आहे का ते पाहावे. ही मांडणी घाईने बदलल्यास विंडोज सुरू होत नाही, म्हणून आधी त्याची नीट माहिती काढावी.

इन्स्टॉलरमध्ये वेळक्षेत्र कोलकाता निवडावे. शेजारी विंडोज असेल तर त्यातले घड्याळ साडेपाच तास मागे पडते, कारण लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला लावले की हा घोळ मिटतो. होमसाठी, म्हणजे आपल्या फायलींच्या फोल्डरसाठी, वेगळे पार्टिशन ठेवावे, म्हणजे पुढे प्रणाली नव्याने बसवताना फायली जागच्या जागी राहतात. जुने ईएफआय पार्टिशन (यंत्र सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) वापरायचे असते, पण ते फॉरमॅट करायचे नसते.

रूप पालटण्याची हौस मोठी असते, तरी पॅनेल आणि थीमला हात लावण्याआधी टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनात पहिला स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठीची प्रत) घ्यावा. तो प्रणालीचा असतो, आपल्या कागदपत्रांचा नव्हे. मग कळफलकात मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरमांडणी जोडून ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे शब्द टंकावेत. शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी, आणि त्यापुढे य किंवा ह दिल्यावर अर्धा ऱ नीट उमटला, ल आणि श मराठी वळणाचे दिसले, की फाँटही मार्गी लागले. हिंदी वळण दिसल्यास दुसरा देवनागरी फाँट निवडावा.