फ्लुइड मेकॅनिक्सचं पहिलं प्रकरण: मार्क कुठं जातात?

कराड-सांगलीकडं सिव्हिल किंवा मेकॅनिकलला दुसऱ्या वर्षात आलेल्यांना 'प्रॉपर्टीज ऑफ फ्लुइड्स' (द्रव-वायूंचे गुणधर्म) हे प्रकरण सोपं वाटतं. व्याख्या पाठ होतातही. मार्क जातात युनिटमध्ये.

घनता पटकन उरकते. पाण्याची 1000 किलो प्रति घनमीटर, विशिष्ट वजन 9810 न्यूटन प्रति घनमीटर. पाऱ्याची सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या किती पट, 13.6; हिला युनिट लावलं की गेला मार्क.

वेळ द्यायचा तो व्हिस्कॉसिटीला, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या आतल्या विरोधाला. तेलाचा थर 1 मिमी, वर 0.5 चौरस मीटरची प्लेट, वेग 0.2 मीटर प्रति सेकंद, तेल 1 पॉइजचं. पॉइज म्हणजे 0.1 पास्कल-सेकंद. शिअर स्ट्रेस (दर चौरस मीटरला घासणारं बल) 0.1 × 0.2 ÷ 0.001 = 20 पास्कल, बल 10 न्यूटन. पॉइज तसाच ठेवला तर 100 न्यूटन येतं. तेही पटण्यासारखंच दिसतं, म्हणून चूक सापडत नाही.

तापमान न लिहिता दिलेला व्हिस्कॉसिटीचा आकडा अर्धाच. पाणी 20 अंशांना 1 सेंटिपॉइज, 30 ला 0.8. गुऱ्हाळातली काकवी गार झाली की घट्ट होते, तेच हे: द्रवात रेणूंची ओढ उष्णतेनं ढिली पडते. वायूत मात्र तापल्यावर रेणूंची देवाणघेवाण वाढते, व्हिस्कॉसिटीही वाढते. तोंडीला हमखास विचारतात, हवा की पाणी? डायनॅमिक, म्हणजे वर वापरली तीच, पाण्याची जास्त, पन्नासेक पट. कायनेमॅटिक हवेची, साधारण पंधरा पट, कारण तिच्यासाठी डायनॅमिकला भागायचं घनतेनं.

रेडवुड व्हिस्कोमीटरवर 50 मिलि तेल पडायला लागलेले सेकंद मोजतात. तेल गाळून घ्या, कपातल्या खुणेपर्यंतच भरा. कपाभोवतालच्या बाथचा थर्मामीटर बघून घाई करू नका. कपातलं तेल मागंच असतं, आणि थंड तेल सेकंद वाढवतं. धार फ्लास्कच्या मानेला लागून उतरू द्या, नाहीतर फेस येतो आणि खूण नीट दिसत नाही.

बाष्पदाब, म्हणजे ज्या दाबाला पाणी उकळायला लागतं तो, पुस्तकात दोन ओळींत संपतो, पण पंपावर तोच नडतो. 20 अंशांना तो 2.34 किलोपास्कल. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब 86 किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे जेमतेम 8.8 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, समुद्रसपाटीला 10.3. त्यातून बाष्पदाब, पाइपचं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाते; उरतं तेवढ्याच उंचीवर पंप पाणी ओढतो. नदीकाठच्या पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला, तर आधी सक्शन पाइपच्या पाण्यातल्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी बघा. ती तुंबली की सक्शनचा दाब बाष्पदाबापर्यंत उतरतो, बुडबुडे होतात आणि इंपेलरवर (पंपाच्या फिरत्या चाकावर) फुटून त्याला खड्डे पाडतात.