सांगलीत बसून ओकीफबाईंचं शिक्षण कसं शोधायचं

प्रोजेक्टला आधुनिक अमेरिकन चित्रकार आला की निम्मा वर्ग जॉर्जिया ओकीफ घेतो आणि नेटवरची मोठमोठी फुलं कलर प्रिंट मारून फाईलला लावतो, मीपण तेच केलेलं. सरांनी फाईल चाळली आणि एवढंच विचारलं, "ही शिकली कुणाकडं?" गप्प बसलो. तर तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी वहीच्या मागच्या पानावर सालं उतरवा. जन्म १८८७, विस्कॉन्सिनमधलं सन प्रेरी. १९०५-०६ शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, तिथं व्हँडरपूल यांच्याकडं मानवाकृती, मग टायफॉइड झाला आणि घरी. १९०७-०८ न्यूयॉर्कची आर्ट स्टुडंट्स लीग, विल्यम मेरिट चेस शिकवायला. हा माणूस रोज एक स्टिल लाइफ (वस्तुचित्र) पूर्ण करून मागायचा, आणि तांब्याचं भांडं आणि मेलेला ससा या चित्राला तिला त्याच वर्गात बक्षीस मिळालं. त्यानंतर चित्रं बंदच, शिकागोत जाहिरातींसाठी लेस आणि भरतकाम रेखाटत बसली. १९१२ ला व्हर्जिनियात उन्हाळी वर्गात अ‍ॅलॉन बेमेंट भेटले, त्यांच्यामुळं आर्थर वेस्ली डाऊ या कलाशिक्षकांची पद्धत कळली आणि १९१४-१५ ला ती कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात थेट डाऊंकडंच शिकली. मधे टेक्सासात अमरिलोला चक्क ड्रॉइंग टीचर होती, आपल्याकडं एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं तयार करणाऱ्या मॅडम असतात ना, तशी.

ही सालं कशाला, तर आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनी कागदपत्रं जपलेल्या संग्रहात, चित्रं शोधायची नसतात, माणसं आणि वर्षं शोधायची असतात. नुसतं ओकीफ टाकलं की ढीग येतो, त्यापेक्षा चेस, डाऊ, पॉलिट्झर (तिची वर्गमैत्रीण) अशी नावं टाका. जागा मुख्य तीन: येल विद्यापीठाची बायनेकी लायब्ररी, सांता फेचं ओकीफ म्युझियम, आणि स्मिथसोनियनचं आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट. प्रत्येक संग्रहाची एक यादी असते, कुठल्या खोक्यात कुठलं फोल्डर ते सांगणारी, तिला फाइंडिंग एड म्हणतात, आधी ती वाचा. कंटाळवाणी आहे, पण वाचा. मी न वाचता साठेक स्कॅन उतरवले, फोल्डर नंबर कुठंच लिहिला नाही, आणि नंतर कुठलं पान कुठलं ते मलाच कळेना, सगळे परत शोधले. फाईलच्या नावातच खोका, फोल्डर, साल टाका.

बायनेकीत सगळे स्टीग्लिट्झ (फोटोग्राफर, गॅलरीवाला, पुढं तिचा नवरा) आणि ओकीफच्या पत्रांवर तुटून पडतात, ती तिच्या मृत्यूनंतर २० वर्षं बंद होती, २००६ ला खुली झाली, म्हणून त्यांचं कौतुक जास्त. पण ती पत्रं मुख्यतः १९१६ पासूनची, तेव्हा शिक्षण बहुतेक उरकलेलं. आपल्या कामाची पत्रं अनिता पॉलिट्झर या वर्गमैत्रिणीबरोबरची. १९१५ च्या शेवटी ओकीफ साउथ कॅरोलिनात शिकवत होती, तिथून तिनं कोळशाची ड्रॉइंग्ज अनिताला पाठवली, कुणाला दाखवू नको म्हणून बजावलं, आणि अनितानं १ जानेवारी १९१६ ला ती थेट स्टीग्लिट्झपुढं ठेवली. ऐकलं नाही ते बरंच झालं म्हणायचं. तिचं अक्षर वळणदार, वाक्यं मोडकी, दोन पानं वाचेपर्यंत डोकं धरतं, नंतर सवय होते. लायब्ररीला मेल करून काही विचारणार असाल तर एकच नेमका प्रश्न, फोल्डर नंबरसकट, आणि उत्तराची घाई नको, आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ.

आता खरं काम. डाऊंचं कॉम्पोझिशन हे १८९९ चं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, ते नुसतं वाचू नका, करून बघा. रेष, नोतान, रंग हा क्रम. नोतान म्हणजे जपानी पद्धतीची काळ्या-पांढऱ्याची मांडणी, छाया-प्रकाश नव्हे, इथंच आपण फसतो. मी घाटावर बसून कृष्णेवरचा आयर्विन पूल घेतला, चार इंची चौकट, पोस्टरचा काळा, बास. पहिल्यांदा सगळ्या कमानी सारख्या आल्या, कंपाउंड वॉल दिसायला लागली. मग पाण्याची रेष वर सरकवली, दीडच कमान ठेवली, बाकी चौकटीबाहेर कापली, आणि कमानीखालची मोकळी जागा पुलापेक्षा मोठी झाली. त्यानंतर तिची १९१५ ची कोळशाची ड्रॉइंग्ज लॅपटॉपवर उघडून शेजारी ठेवली. फाईलमधली फुलं त्याच रात्री काढून टाकली.