सरकारी निधीच्या प्रकल्पात खुल्या विज्ञानाच्या अटी पाळताना : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी काही अनुभव

मुंबईतील एखाद्या संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठाच्या विभागात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्र) म्हणून रुजू झालेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्या महिन्यात अनेक कागद येतात; पण ज्या कागदामुळे तिची नेमणूक झाली, ते प्रकल्पाचे मंजुरीपत्र मात्र सहसा येत नाही. ते पीआयच्या (प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाच्या) फायलीत आणि लेखा विभागात असते. ते मागून घ्यावे आणि जोडलेल्या अटींसह सावकाश वाचावे, असे मी प्रत्येक नवागताला आग्रहाने सांगते. निबंध कुठे जमा करायचा, डेटा कोणाला द्यायचा, निधीचा उल्लेख कोणत्या क्रमांकासह करायचा, हे त्या पत्रात किंवा त्यात संदर्भ दिलेल्या धोरणात लिहिलेले असते. याच खुल्या विज्ञानाच्या अटी: निधीतून झालेले निबंध आणि डेटा इतरांनाही वाचता-वापरता यावेत, हा त्यांचा हेतू. प्रकल्प संपताना यूसी (निधी-विनियोग प्रमाणपत्र) आणि अंतिम अहवालाची घाई सुरू झाली की हीच कलमे प्रथमच वाचली जातात, आणि तोवर बऱ्याच गोष्टी हातातून गेलेल्या असतात.

ठाणे खाडीच्या गाळातील जड धातू आणि त्या खाडीवर पोट असलेले मच्छीमार, अशा दुहेरी विषयावरच्या एका प्रकल्पात मी डेटाची व्यवस्था पाहत असे. पुढील मजकूर त्या कामाच्या आधारे लिहिला आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी अडचणींची जात फारशी वेगळी नसते.

सर्वांत आधी निबंधांविषयी. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये खुल्या प्रवेशाचे संयुक्त धोरण जाहीर केले. २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून मिळालेल्या निधीतून निर्माण झालेल्या निबंधांना ते लागू आहे. निबंध नियतकालिकाने स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्याची अंतिम स्वीकृत प्रत संस्थेच्या डिजिटल भांडारात जमा करावी, ही त्यातील मुख्य अपेक्षा आहे. प्रकाशकाने काही महिन्यांचा बंदीकाळ घातला असेल तरीही प्रत लगेच जमा करायची असते. ती वाचकांसाठी खुली मात्र बंदीकाळ संपल्यावर होते. नवागतांपैकी बरेच जण इथेच गोंधळतात, कारण जमा करणे आणि खुले करणे या एकाच दिवशी होणाऱ्या गोष्टी आहेत असे ते गृहीत धरतात. परिणामी ‘अजून वर्षभर थांबायचे आहे’ म्हणून काम बाजूला पडते आणि वर्षानंतर ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

अंतिम स्वीकृत प्रत म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेला, संपादकांनी मान्य केलेला, पण प्रकाशकाने अद्याप मांडणी न केलेला मजकूर. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरची देखणी पीडीएफ ती नव्हे, आणि पहिल्यांदा पाठवलेला मसुदाही ती नव्हे. ऐकायला हे सोपे वाटते. पण पाच लेखकांच्या निबंधाबाबत ही फाइल शोधून पाहा. ‘फायनल’, ‘फायनल_सरांचे बदल’, ‘फायनल_रिव्हाइज्ड_२’ आणि ‘सबमिट केलेली’ अशा चार फायली चार संगणकांवर सापडतात, आकृत्या पाचव्या ठिकाणी असतात, आणि जिच्यावर स्वीकृतीची मोहोर उमटली ती नेमकी कोणती, हे पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे. स्वीकृतीची ईमेल आली त्याच दिवशी नियतकालिकाच्या सबमिशन प्रणालीतून ती प्रत उतरवून घ्यावी, ईमेलसोबत एका फोल्डरमध्ये ठेवावी आणि ग्रंथपालांना पाठवून द्यावी. संस्थेच्या भांडाराचा कारभार बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडेच असतो. ग्रंथपालांशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घेणे हे कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

प्रकाशकाचा हक्क-हस्तांतरणाचा करार सही करण्यापूर्वी वाचावा, हे वेगळे सांगायला नको. परंतु तो वाचण्याची खरी वेळ निबंध पाठवण्यापूर्वीची असते. स्वीकृत प्रत भांडारात ठेवायला परवानगी आहे का आणि किती महिन्यांनी, ही माहिती नियतकालिकाच्या संकेतस्थळावर मिळते. जे नियतकालिक ती परवानगीच देत नाही, त्याची निवड करण्यापूर्वी पीआयशी बोलून घ्यावे.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेमुळे अलीकडे एक गैरसमज पसरला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना त्यामुळे वाचता येतात. लहान महाविद्यालयातील प्राध्यापकांसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र आपला निबंध या यादीतील नियतकालिकात आला म्हणजे खुल्या प्रवेशाची अट पूर्ण झाली, असे होत नाही. महापालिकेचा मलनिस्सारण अभियंता, खाडीकाठच्या शाळेतील शिक्षक किंवा मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव त्या योजनेच्या कक्षेबाहेरच राहतो, आणि आमच्या विषयात तर नेमके त्यांनीच ते वाचायला हवे होते.

पैसे भरून निबंध खुला करण्याचा मार्गही असतो. अनेक नामांकित नियतकालिकांचे लेख-प्रक्रिया शुल्क दोन-तीन हजार डॉलरांच्या घरात जाते. जेआरएफच्या ३७,००० रुपये मासिक विद्यावेतनाच्या हिशेबाने ही रक्कम पाच ते सात महिन्यांच्या कमाईएवढी होते. २०१४च्या धोरणानुसार हे शुल्क भरण्याची जबाबदारी संबंधित विभाग घेत नाहीत, त्यामुळे अंदाजपत्रकात तशी तरतूद मंजूर नसेल तर कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून) ते निघेल अशी आशा धरू नये. स्वीकृत प्रत भांडारात ठेवल्याने अट विनाशुल्क पूर्ण होते. शिवाय भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांसारखे पर्यायही आहेत. ‘सात दिवसांत स्वीकृती, खुला प्रवेश, सवलतीचे शुल्क’ अशा ईमेल तुमच्या नावाने लवकरच येऊ लागतील. विश्वासार्ह नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५च्या सुरुवातीला बंद झाल्याने तिच्यावर विसंबून राहण्याची सोय आता उरलेली नाही. तेव्हा नियतकालिक खुल्या नियतकालिकांच्या डीओएजे या निर्देशिकेत आहे का हे पाहावे, त्याच्या संपादक मंडळातील एक-दोन नावे त्या व्यक्तींच्या संस्थांच्या पानांवर पडताळावीत आणि मगच पुढे जावे.

निबंधांचे इथवर भागते. खरे काम डेटाचे असते, आणि ते नमुना गोळा करण्यापूर्वीच सुरू व्हावे लागते.

आमच्या खाडीच्या तक्त्याचेच उदाहरण देते. होडीतून गाळाचे नमुने आणले जात, प्रयोगशाळेत आम्लविघटन करून त्यांतील शिसे, कॅडमियम, पारा यांचे प्रमाण मोजले जाई आणि आकडे एक्सेलमध्ये भरले जात. तीन वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या त्या तक्त्यात एकच ठिकाण ‘वाशी पूल’, ‘वाशी ब्रिज’ आणि ‘व्ही-२’ अशा तीन नावांनी येई. ‘०३-०४’ ही तारीख ३ एप्रिलची की ४ मार्चची, हे फक्त भरणाऱ्यालाच माहीत. सर्वांत घातक होता तो रिकामा रकाना. कॅडमियमच्या रकान्यात कुठे शून्य होते, कुठे ‘बीडीएल’ (शोधमर्यादेखाली) लिहिले होते आणि कुठे काहीच नव्हते. यांतील शून्य हे मुळात चुकीचे असते, कारण उपकरणाच्या शोधमर्यादेखाली प्रमाण असणे म्हणजे ते शून्य असणे नव्हे. ‘बीडीएल’ ही योग्य नोंद आहे, पण ती मर्यादा किती होती हे सोबत लिहिले तरच तिला अर्थ येतो. आणि रिकामा रकाना म्हणजे नमुना मोजलाच नाही, फुटला, की नोंद राहून गेली, हे बाहेरच्या वाचकाला कधीच कळणार नाही. अशा तक्त्याची सरासरी काढणारा संशोधक आपल्याच आकड्यांवरून खाडी स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढू शकतो.

म्हणून आम्ही ठिकाणांना कायमचे संकेतांक दिले, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहायची असे ठरवले, शोधमर्यादेसाठी स्वतंत्र रकाना केला आणि नमुना घेतेवेळी भरती होती की ओहोटी, हेही नोंदवायला सुरुवात केली. खाडीच्या अभ्यासात ही शेवटची नोंद नसेल तर पाण्याचे आकडे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि पद्धत सांगणारी एक साधी मजकूर फाइल तक्त्यासोबत ठेवली. एक्सेल परस्पर काही नोंदींच्या तारखा करून टाकते, हेही ध्यानात असू द्यावे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ यांसारख्या मानवी जनुकांची नावे या त्रासामुळे २०२० मध्ये अधिकृतपणे बदलावी लागली. अंतिम माहितीसंच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात ठेवावा, म्हणजे कोणत्याही आज्ञावलीत तो उघडतो.

डेटा ठेवायचा कुठे, हे विषयावर अवलंबून असते. आमच्या गाळातील जिवाणूंचे जनुकीय अनुक्रम फरीदाबाद येथील भारतीय जैविक डेटा केंद्राकडे देण्याजोगे होते; जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०२१च्या बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही तिकडेच आहे. रासायनिक आकड्यांसाठी विषयवार भांडार नसेल तर संस्थेचे भांडार किंवा सर्न ही युरोपातील संशोधन संस्था चालवत असलेले झेनोडो हे ऑनलाइन भांडार उपयोगी पडते. झेनोडोवर नोंद विनामूल्य होते, ५० जीबीपर्यंतचा संच ठेवता येतो आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) मिळतो. निबंधात ‘डेटा मागणीनुसार उपलब्ध’ असे लिहिण्याची जुनी पद्धत मला अजिबात पसंत नाही. मागणाऱ्याला उत्तर देणारा माणूस दोन वर्षांनी त्या संस्थेत असेलच असे नसते. डीओआय मिळाला की तो निबंधातही द्यावा आणि प्रगती अहवालातही. संशोधक म्हणून ओळख पटवणारा स्वतःचा ऑर्किड क्रमांक मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. मराठी नावांची रोमन लिपीतील स्पेलिंगे आणि लग्नानंतर बदललेली आडनावे यांमुळे होणारा घोळ त्यामुळे बराच टळतो.

परवान्यावर फार वेळ घालवू नये. माहितीसंचाला सीसी बाय (श्रेय देऊन वापरण्याची मुभा) किंवा सीसी झीरो (बिनशर्त वापराची मुभा) आणि आज्ञावलीला एमआयटीसारखा सॉफ्टवेअरचा परवाना द्यावा, एवढे बहुतेक प्रकल्पांना पुरते.

माणसांकडून मिळवलेल्या माहितीबाबत मात्र कितीही वेळ दिला तरी कमीच आहे. ट्रॉम्बे कोळीवाड्यातील मुलाखतींच्या वेळी एका वयस्क मासेविक्रेत्या मावशींनी आम्हाला स्पष्टच सांगितले होते, “नाव नको लिहूस ताई, पण खाडीत काय सापडलं ते आम्हाला कळायला पाहिजे.” संमतिपत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल आणि केवळ या प्रकल्पासाठी वापरली जाईल’ असे एक सरधोपट वाक्य होते. ते तसेच छापले गेले असते तर पुढे कोणताही भाग खुला करण्याचा मार्ग बंद झाला असता, कारण दिलेला शब्द नंतर फिरवता येत नाही. नैतिकता समितीकडे जाण्यापूर्वीच आम्ही त्याचे तीन भाग केले: मुलाखतीला संमती, ओळख काढून टाकलेली माहिती इतर संशोधकांना देण्यास संमती, आणि ध्वनिमुद्रणाला संमती. मावशींनी पहिल्या दोहोंना होकार दिला, तिसऱ्याला नाही; तसे करता येते हे समजल्यावर इतर अनेकींनीही तेच केले.

नाव काढले म्हणजे ओळख गेली असे मानणे भाबडेपणाचे आहे. कोळीवाडा लहान असतो. बोटीचा प्रकार, जाळ्याचा प्रकार, वय आणि मुलांची संख्या एकत्र आली की शेजारी बोट दाखवून माणूस ओळखतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा नोंदणी केलेल्या संशोधकांना मिळतो, पण त्यातील नमुना-समूहांची भौगोलिक स्थाने मुद्दाम हलवलेली असतात: शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे ५ किलोमीटरपर्यंत. यावरून धडा घेऊन आम्ही वयाचे गट केले, वस्तीच्या नावाऐवजी खाडीचा पूर्व किंवा पश्चिम किनारा एवढेच ठेवले, आणि मुलाखतींचा संपूर्ण मजकूर बंद ठेवून त्याची केवळ नोंद खुली केली. असा डेटा आहे हे जगाला कळते, तो मागण्याची पद्धत कळते, आणि कोणाला द्यायचा हे समिती ठरवते. खुल्या विज्ञानाच्या अटीत हे बसते. सगळे काही चव्हाट्यावर मांडा, असे कोणतेही समंजस धोरण म्हणत नाही. मावशींच्या दुसऱ्या मागणीसाठी निष्कर्षांचा चार पानी मराठी सारांश छापून वस्तीत वाटला. मंजुरीपत्रात त्याची सक्ती नव्हती.

युरोपीय भागीदार असलेल्या प्रकल्पात अटी अधिक कडक असतात. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमाच्या निधीत डेटा व्यवस्थापन आराखडा साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि निबंध प्रकाशनाबरोबरच, कोणत्याही बंदीकाळाविना, खुला व्हावा लागतो. दोन निधीदात्यांच्या अटी भिन्न असतील तेव्हा कडक असलेली अट सर्व लेखकांनी पाळणे सोयीचे पडते. याउलट पेटंटची शक्यता असेल तर घाई नडते. प्रीप्रिंट (परीक्षणापूर्वीच खुला केलेला मसुदा), परिषदेतील भित्तिपत्रक किंवा भांडारातील नोंद यांपैकी काहीही पुढे जाण्यापूर्वी निदान तात्पुरता अर्ज दाखल झालेला असावा. पूर्ण तपशिलाचा अर्ज करण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

प्रकल्पाची मुदत संपत आली की नेमणूक संपते, आणि तिच्याबरोबर संस्थेचा ईमेलही बंद होतो. भांडारातील खाते त्याच ईमेलवर उघडलेले असेल तर माहितीसंचातील एखादी चूक दुरुस्त करून नवी आवृत्ती चढवणेही अशक्य होऊन बसते. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत खात्यांची मालकी पीआय किंवा ग्रंथालयाकडे सोपवावी, नोंदीतील संपर्काचा पत्ता विभागाचा ठेवावा, आणि बंद ठेवलेल्या मुलाखतींसाठी आलेल्या विनंतीला यापुढे कोण उत्तर देणार, हे नैतिकता समितीच्या कार्यालयात लेखी नोंदवून त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.